ओरडायला श्वास लागतो

४ फेब्रुवारी

धसमुसळ्या,

अनेक आशीर्वाद आणि एक सणसणीत थोबाडीत, दोन्ही याच पाकिटातून.

आपल्या धाकट्या टकळीचं अकरा पानी पत्र आलं. त्यातली नऊ पानं तिच्या शेजारणीच्या मांजराची आणि उरलेली दोन तुझी. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी तिच्या तोंडाची टकळी थांबलेली नाही हे वाचून बरं वाटलं. तुझं वाचून मात्र डोकं फिरलं. वखारीतल्या गाडीवानाचा जबडा तू मोडलास, आणि कशावरून, तर त्याने ओंडके आडवे रचले म्हणून! तो आता दीड महिना नळीने पिणार. आणि तुझ्याकडून पोलीस ठाण्यात वर्षाचं हमीपत्र लिहून घेतलंय, की पुन्हा कुणावर हात उचललास तर सरळ आत. आईवडिलांच्या मागे तुम्हां दोघांना वाढवलं ते यासाठी नव्हे रे. तू माणसं मोडायचीस आणि मी इथे अपघात विभागात बसून कुणीतरी मोडलेली शिवायची, अशी आपण वाटणी केली आहे का?

परवाचंच सांगते. बाजारात दोन टोळ्यांत सुऱ्या चालल्या, एकदम सात जण आणले. एकाची टाळू फुटलेली, तोंड रक्ताने माखलेलं. 'मेलो, मेलो' करून त्याने विभाग डोक्यावर घेतला होता. नवी सिस्टर त्याच्याकडेच धावली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. कोपऱ्यातल्या बाकावर एक जण पोटावर हात ठेवून बसला होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही. म्हणाला, "मला काही घाई नाही सिस्टर, त्यांचं आधी बघा." मी शर्ट वर केला. पोट लाकडासारखं घट्ट. आतल्या आत रक्त चाललं होतं. त्याच्या मनगटाला लाल पट्टी बांधली आणि बोंबलणाऱ्याला हिरवी. आमच्याकडे लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोडा थांबेल, हिरवी म्हणजे बसू दे. काळी कुणाला, ते तुला सांगायला नको. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते: ओरडायला श्वास लागतो. जो ओरडतोय त्याच्याकडे श्वास आहे. जो गप्प असेल त्याच्याकडे आधी जा.

तू मात्र दिसेल त्याला लाल पट्टी बांधत सुटतोस. म्हणून सांगते ते कर. रोज सकाळी एक कागद घे, दोनदा घडी घाल, उघड. चार खण पडतील. पहिल्यात लिही महत्त्वाचं आणि निकडीचं. दुसऱ्यात महत्त्वाचं, पण आज नाही केलं तर आभाळ कोसळणार नाही असं. तिसऱ्यात निकडीचं पण फुटकळ, ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाल. चौथ्यात ना हे ना ते, ते सोडून द्यायचं. आणि हात उचलायच्या आधी बघ, तो कुठल्या खणात बसतो.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

थोबाडीत पोचली. गाल लाल आहे.

कागदाचे चार खण केले. पहिल्यात: करवतीचं पातं बदलणे. दुसऱ्यात: दाढ उपटणे (माझी, दुसऱ्याची नव्हे). तिसऱ्यात: मालकाची बडबड ऐकणे. हे मी कारकुनाच्या गळ्यात घातलं, तो बहिरा आहे. चौथ्यात: गाडीवानाची माफी मागणे. हा खण चुकला म्हणशील, पण तो ओंडक्यांवरून तुझ्याबद्दल काय बोलला होता ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगणार नाही.

पातं बदलायचं लिहून ठेवलं, आणि बदलायच्या आतच त्याने एका कामगाराची दोन बोटं नेली. भिंतीवर रक्ताची पिचकारी उडाली. त्याचा भाऊ छाती पिटून बोंबलत होता आणि हा आपला हाताकडे बघत शांत उभा. मला तुझं वाक्य आठवलं. भावाला ढकलून ह्याला आधी गाडीत घातलं. भुशात शोधून बोटं रुमालात बांधून दिली. डॉक्टर म्हणाले, एक लागेल. बघ, तुझं मी अगदीच वाऱ्यावर सोडत नाही.

आता मुद्द्याचं. टकळी दर रविवारी मला वखारीत डबा घेऊन येते हे तुला माहीत आहे. या रविवारी डाव्या हाताला पट्टी. म्हणाली, उकळतं पातेलं कलंडलं. पट्टी अगदी चित्रासारखी बांधलेली. औषधवाल्यानेच बांधली म्हणे, नवऱ्याचं औषधांचं दुकान असल्याचा एवढा तरी फायदा. डबा उघडताना ती सुटली आणि मी हात बघितला. बोटांपासून मनगटापर्यंत कातडं गेलेलं, आणि मनगटाशी सरळ रेघ. त्यावर एक डाग नाही, एक शिंतोडा नाही. पातेलं कलंडलं तर पाणी उडतं, ताई. हे कुणी हात धरून बुडवल्यासारखं आहे.

ठाण्यात जाऊन सांगितलं. हवालदार म्हणाला, "नवराबायकोचं घरातलं आहे. आणि बोलतंय कोण? तुझंच हमीपत्र माझ्या टेबलात आहे."

म्हणून आज सकाळी पहिल्या खणात एकच काम लिहिलं: औषधवाल्याचे हातपाय मोडणे. महत्त्वाचंही आहे आणि निकडीचंही. बरोबर ना?

तुझा,
धसमुसळ्या


१९ फेब्रुवारी

धसमुसळ्या,

तो कागद फाड. हे वाचून होण्याआधी फाड.

तू डॉक्टर कधी झालास? भाजल्याच्या रेघा कशा पडतात हे आता वखारीचा मुकादम मला शिकवणार? मी टकळीला विचारलं. तिचं उत्तर आलं, तीन पानी, पातेलं कलंडलं असंच लिहिलंय. वर, त्यांनी कशी हळुवार पट्टी बांधली तेही आहे. त्या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. जिन्यात मला बघितलं की दोन पायऱ्या खाली उतरून वाट देतो. आणि तू? तुझ्या नुसत्या शिंकेने शेजारची पोरं पळतात.

हाताची खाज म्हणजे निकड नव्हे. टकळीचं काम दुसऱ्या खणात ठेव. महत्त्वाचं आहे, पण आजचं नाही. मेमध्ये मी रजा घेऊन येते, तेव्हा तिच्याशी नीट बोलेन. तोवर तू त्या जिन्याची पायरी चढायची नाहीस. मला भीती तिची नाही, तुझी वाटते. तू आत गेलास तर वर्षानुवर्षं जाशील.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,

कागद फाडला. नवा केला. टकळी दुसऱ्या खणात.

मी किती सुधारलोय ते आधी सांगतो. गाडीवानाचा मेव्हणा जबड्याचा हिशेब चुकता करायला आला, हातात साखळी. पाठीत दोन मारल्या. मी कागद काढून त्याच्यासमोर वाचत बसलो. त्याला वाटलं मंत्र म्हणतोय. शिव्या देत निघून गेला. पाठीवर दोन पट्टे उठलेत, पण हमीपत्र शाबूत आहे.

आता दुसरं. टकळी तीन रविवार आली नाही. पायरी चढायची नाही म्हणालीस, म्हणून दुकानात गेलो, आयोडीन मागितलं. औषधवाला बाटलीवर लेबल डकवत होता. वर काहीतरी धप्पकन आदळलं. त्याने मान वर केली नाही. "खुर्ची पडली असेल," म्हणाला, "ताईंना आमचा नमस्कार कळवा." जर तो इथे खाली आहे तर वर काय पडलं, हा विचार माझ्या डोक्यात यायच्या आत टकळी जिन्यात दिसली. भिंतीला धरून उतरत होती. एक कान काळानिळा. मी म्हटलं, "काय गं टकळे, डबा कुठाय?" तिने आधी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरी आहे."

दोन शब्द, ताई. टकळीने दोन शब्द!

मी हात उचलला नाही. काउंटरची काच धरून उभा राहिलो. ती काच कधी तडकली ते कळलं नाही, तळवा चांगला दोन बोटं फाटला. औषधवाल्याने माझा हात हातात घेतला, धुतला, आणि मला पट्टी बांधली. इतकी सुरेख बांधली की काय सांगू. आणि मी ती बांधून घेतली. त्या दिवसापासून मला स्वतःची किळस येतेय.

ती अजून दुसऱ्याच खणात आहे. तू म्हणालीस म्हणून.

तुझा,
धसमुसळ्या


११ एप्रिल

धसमुसळ्या,

उत्तराला उशीर झाला. इथे कारखान्यात बॉयलर फुटला. तेवीस जण आले. हाताला धरून उठवायला जावं तर कातडं हातमोज्यासारखं सुटून माझ्या हातात येत होतं. सहा जणांना मी स्वतः काळी पट्टी बांधली, त्यातले दोघे माझ्याकडे बघत होते. आठवडाभर घरी गेले नाही. माझी मेची रजा त्यात गेली. आता जूनअखेर.

तू पट्टी बांधून घेतलीस हे वाचून मला तुझा अभिमान वाटला. किळस कसली? असंच वाग.

आणि आता काळजी सोड. टकळीचं पत्र आलं. उतरवून देते: 'मी बरी आहे. घर बरं आहे. दादाने इकडे यायची गरज नाही. तू रजा वाया घालवू नकोस.' बस्स, एवढंच. पूर्वी मांजराच्या पिल्लांची नावंसुद्धा लिहायची. रुळली एकदाची. मुली अशाच शहाण्या होतात. तिचं काम दुसऱ्या खणातच असू दे, जमलं तर चौथ्यात टाक.

ताई


१९ एप्रिल, सकाळ

ताई,

आत्ता तुझं पत्र मिळालं. मग पेटीतून तुझी सगळी पत्रं काढली आणि फेब्रुवारीतलं पहिलं परत वाचलं.

टकळीचं काम पहिल्या खणात घेतलं. पहार बरोबर घेतली आहे. जाताना हे पोस्टात टाकतो.


२२ एप्रिल

अरे मूर्खा, हे काय केलंस?

तार केली, उत्तर नाही. पहार! हमीपत्राला तीन महिने झाले नाहीत आणि तू पहार घेऊन निघालास? तो जिवंत आहे का? किती मारलंस? डोक्यात तर नाही ना घातलीस? तो कुठल्या दवाखान्यात आहे ते कळव, मी तिथल्या डॉक्टरांना लिहिते. वकील बघ. कुणाशी काही बोलू नकोस. एवढं कानीकपाळी ओरडून शेवटी पालथ्या घड्यावर पाणी. त्याचं काही बरंवाईट झालं तर फासावर जाशील रे, फासावर! रजेचा अर्ज केला आहे, मंजूर झाली की निघते.

ताई


२० एप्रिल

ती. ताईस,

टकळी जिवंत आहे. हे आधी, बाकीचं मागून. बघ, शिकलो की नाही?

तिच्या खाटेजवळ बसून लिहितोय. काल दुपारी दुकान बंद असताना मागच्या जिन्याने गेलो. दाराला बाहेरून कुलूप. पहारेच्या दोन हिसक्यांत कोयंडा निघाला. टकळी न्हाणीघरात भिंतीला टेकून बसली होती. ओठ चुन्यासारखे पांढरे. मला बघून रडली नाही, बोलली नाही. मी तिच्या पोटाला हात लावला. मी जन्मभर लाकूड हाताळतोय ताई, माझी चूक होणार नाही.

पहार तिथेच टाकली, तिला उचललं. जिन्यात तो उभा. हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा. ओरडला नाही, शिवी दिली नाही. "त्यांना खाली ठेवा," म्हणाला, आणि मारायला लागला. पहिला उजव्या खांद्यावर बसला. दुसरा डाव्या बरगड्यांवर, तिसरा पुन्हा तिथेच, काटकन वाजलं. पुढचे कुठे कुठे बसले ते अंगाला माहीत. तो मारत मारत मागे सरकत होता आणि मी एकेक पायरी उतरत होतो. खरं सांगतो, तिला पायरीवर ठेवलं असतं तर एका ठोशात तो तळाला गेला असता. ठेवावंसं फार वाटलं. पण निघताना कागदावर लिहिलं होतं. पहिल्या खणात एकच काम: टकळीला दवाखान्यात नेणे. औषधवाल्याचे हातपाय चौथ्या खणात टाकले होते. सोडून द्यायचं म्हणजे सोडून द्यायचं.

रस्त्यावर आलो तरी तो थांबेना. सगळ्या गल्लीने बघितलं. शेवटी न्हावी आणि सायकलवाला, दोघांनी मिळून त्याला आडवा पाडला. तोच हवालदार आला. विचारतो, "तू हात उचललास?" म्हटलं, साहेब, हात रिकामा होता कुठे?

टकळीची प्लीहा फाटली होती, काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. माझ्या बरगड्या बांधल्यात. सिस्टर म्हणाली, तुमचंही पोट बघू. म्हटलं, मला काही घाई नाही, आधी तिचं बघा. एक गंमत म्हणजे मार बसला उजव्या खांद्यावर आणि दुखतोय डावा. तहान फार लागतेय. झोपही येतेय, दोन दिवसांची असेल. टकळी टक लावून बघतेय माझ्याकडे. तिला म्हटलं काय गं, बोल की काहीतरी, तर


२५ एप्रिल

ताई,

'तर'च्या पुढचं अक्षर माझं आहे. दादाचं अर्धं पत्र आणि माझं असं एकाच पाकिटात पाठवते.

त्याच्या हातातली पेन्सिल गळाली आणि माझ्या खाटेखाली घरंगळली. तो उचलायला वाकला नाही. भिंतीला टेकून शांत बसला होता, ओठ पांढरे. दादा आणि शांत! मी "सिस्टर" म्हटलं, तर आवाजच फुटेना. गेल्या दोन-तीन महिन्यांत त्या घरात मी आवाज गिळायला शिकले होते, मोठ्याने बोललं की काय होतं ते हाताला, कानाला, सगळ्यांना पाठ होतं. मग मी छातीत श्वास भरला आणि ओरडले. अशी ओरडले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. सिस्टर धावत आल्या तर माझ्याचकडे. "ओरडू नका, टाके तुटतील." म्हटलं, तुटू देत, त्याच्याकडे बघा, त्याच्याकडे! दोन टाके तुटलेच. त्याचा शर्ट वर केला आणि त्यांचा चेहरा बदलला. उचलून पळवत नेला.

त्याचीही प्लीहा काढली. आतल्या आत चिरली होती आणि रात्रभर ठिबकत होती म्हणे. वाचला. काल शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? कारकुनाने पातं बदललं का! डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घराण्यात आता प्लीहा कुणाकडे शिल्लक आहे का?" म्हटलं, ताईकडे आहे, पण तिला रजा मिळत नाही.

औषधवाला कोठडीत आहे. हवालदार रोज येतो आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. शेजारणीच्या मांजराला पाच पिल्लं झाली, एक लंगडं आहे, तेच मी मागून घेतलंय. बघ, सुटली माझी टकळी. लिहायचं होतं ते राहून जाईल, म्हणून लिहूनच टाकते.

दादाच्या खिशातली तुझी सगळी पत्रं मी वाचली. तुझं २२ तारखेचंही आलं, तेही वाचलं. त्यात तू विचारलंयस, तो जिवंत आहे का, किती लागलंय, कुठल्या दवाखान्यात आहे. दोनदा वाचलं. ते सगळं औषधवाल्याबद्दल आहे. माझं नाव त्यात कुठेच नाही.

तीन पानांचं पत्र मी लिहिलं तेव्हा तो मागे उभा राहून सांगत होता. पुढचं लिहिताना मात्र मी युक्ती केली. म्हटलं, डोकं दुखतंय, थोडक्यात लिहू का? तो हो म्हणाला. मला वाटलं, माझी ताई आहे, नाडीचे ठोके मोजते, श्वास मोजते, ती ओळी मोजेल. मी, टकळीने, तुला चार ओळी लिहिल्या, ताई. त्याहून मोठ्याने मला ओरडता येत नव्हतं. आणि तू लिहिलंस, रुळली एकदाची.

दादा म्हणतो, जाऊ दे, चौथ्या खणात टाक. त्याला टाकू दे. मी अजून नाही टाकलं.

टकळी


२८ एप्रिल

टकळे,

भाजल्याची रेघ मनगटाशी सरळ थांबली होती हे वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं, आणि कळलेलं नको होतं म्हणून मी धसमुसळ्याला घाबरले.

तुझ्या ओळी मोजल्या नाहीत, त्या आज मोजल्या.

रजा मागितली नाही, विभागाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. गाडी दुपारची आहे.

मी दारात आले की ओरड, शिव्या दे, हवं तर मार, पण गप्प बसू नकोस.

ताई